नजरेचा घास

समुद्रमंथनाचा जमाखर्च नीट मांडला, तर सगळ्यांत मोठी थकबाकी कासवाची निघते. रवी मंदार पर्वताची, दोरी वासुकीची, दोन्ही टोकांना देव आणि दानव, आणि हा सगळा पसारा ज्याच्या पाठीवर गरगरला तो कूर्म. चौदा रत्नं वर आली, त्यांची वाटणी झाली, वाटणीवरून भांडणं झाली. पण ‘बाबा, तुझी पाठ कशी आहे?’ असं कासवाला कुणी विचारल्याची नोंद नाही. अहिल्यानगर जिल्ह्याचा या प्रकरणाशी जुना घरोबा आहे. प्रवरेला इथे अमृतवाहिनी म्हणतात. तिच्या उगमाकडे रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे, तर खाली नेवाशात मोहिनीराज, म्हणजे अमृत वाढायला पदर खोचून उभं राहिलेलं विष्णूचं मोहिनीरूप. पंगतीत वेष बदलून बसलेल्या राहूचं शिर राहुरीला पडलं आणि काया कायगावला, असंही या भागात सांगतात. म्हणजे वाढपी आणि आमंत्रण नसताना जेवायला बसलेला पाहुणा, दोघांचेही पत्ते प्रवरा-गोदेच्या काठी लागतात. ज्याच्या पाठीवर ही पंगत उठली, तो मात्र देवळादेवळांत सभामंडपाच्या फरशीवर दगड होऊन बसला आहे. आपण आत जाताना त्याच्यावर चिमूटभर हळदकुंकू टाकतो आणि पुढे सरकतो. त्याची बारमाही आहारव्यवस्था ती एवढीच.

हे सगळं आठवायचं कारण असं, की हल्ली कासव दगडातून उठून दिवाणखान्यात आलं आहे, आणि येताना आपल्या डोक्यातल्या जुन्या समजुती पाठीवर घेऊन आलं आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अवयव आवरून घेणारं कासव स्थितप्रज्ञाच्या उपमेला आलं, आणि त्यावर मराठीतलं भाष्य शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, याच नेवाशात झालं. संतांनी कासवीची आणखी एक उपमा घरोघरी पोचवली. ती पिलांना दूध पाजत नाही, चारा भरवत नाही. लांबून नुसती पाहते आणि त्या नजरेवर पिलं वाढतात. उपमा म्हणून ही फार देखणी आहे. प्राणिशास्त्र म्हणून मात्र तिच्यात गडबड आहे, कारण बहुतेक कासवी खड्ड्यात अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिलांकडे पाहायला ती मागे उरतच नाही. पण सातशे वर्षांत मराठी मनावर एक ठसा उमटला तो उमटलाच: कासव हा असा जीव आहे, की ज्याला काही लागत नाही. सशाशी शर्यत जिंकलेल्या कासवालाही त्या गोष्टीत कुणी साधं पाणी विचारत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे, की आपल्या घरांत कासवाचे जे हाल होतात त्यांचं मूळ क्रौर्यात नाही, या ठशात आहे. कुत्रं भुंकतं, मांजर पायात घुटमळतं, पोपट शिव्या शिकतो. कासव गप्प बसतं, आणि आपण त्या गप्प बसण्याला समाधान समजतो. आपल्याकडे गप्प बसणाऱ्या सुनेबद्दलही अशीच समजूत होती.

या समजुतीला मराठी भाषेनं नकळत हातभार लावला आहे. आंब्याला आपल्याकडे डझनभर नावं, पावसाला तेवढीच, नात्यांना तर विचारूच नका. पण जमिनीवर चालणारं, तळ्यात पोहणारं आणि समुद्रात राहणारं या तिघांना मिळून शब्द एकच, कासव. इंग्रजीत निदान जमिनीवरचा टॉर्टॉइज आणि पाण्यातला टर्टल अशी सोयरीक वेगळी ठेवली आहे. इथे एकाच नावाचं रेशनकार्ड तिघांत फिरतं. परिणाम असा होतो, की जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही हे ठाऊक नसल्यानं ते माशांच्या टाकीत सोडलं जातं आणि बुडतं. पाण्यातलं कासव गालिच्यावर ‘मोकळं’ सोडलं जातं आणि ते सुकतं. दोन्ही घटनांनंतर घरातली माणसं एकच वाक्य म्हणतात, ‘काल तर चांगलं होतं.’ म्हणून कासवासाठी घर सजवायला निघालेल्यानं पहिला प्रश्न ‘टाकी किती मोठी घ्यावी?’ असा विचारू नये. हे कासव नेमकं कुठलं, पाण्यातलं की कोरड्यातलं, देशी की परदेशी, हे आधी विचारावं. लग्न जमवताना आपण आडनावावरून गाव, कूळ, गोत्र काढतो. पन्नास-साठ वर्षं घरात राहणार असलेल्या प्राण्याची चौकशी ‘हिरवं आहे, छान आहे’ एवढ्यावर थांबते.

ही चौकशी केली, की पुष्कळांचा प्रकल्प इथेच संपतो, आणि संपावा हेच बरं. ज्याच्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या कोरलेल्या असतात ते तारा कासव आणि आपल्या नद्या-विहिरींतलं मऊ पाठीचं कासव, ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मूळ कायदा १९७२ चा, त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली. तारा कासवाला तर २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत बसवलं गेलं, कारण तस्करीत सापडणाऱ्या कासवांमध्ये त्याचा नंबर बराच वर लागतो. असं कासव घरात ठेवल्याचा गुन्हा सिद्ध झाला, तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. थोडक्यात, ‘नव्या कासवासाठी घर आणि आहार’ या विषयावर सरकारनं फार तपशीलवार विचार केलेला आहे, फक्त तो मालकाच्या बाजूनं केलेला आहे. चार भिंती, ठरलेल्या वेळी जेवण, अंथरूण-पांघरूण, फिरायला मर्यादित आवार आणि बाहेरच्या शत्रूंपासून पूर्ण संरक्षण. कासवाला आपण जे देऊ पाहतो तेच सगळं सरकार आपल्याला देतं, आणि आपण ते कासवाइतक्या शांतपणे सहन करू का, हा प्रश्न प्रत्येकानं दुकानात पाऊल टाकण्याआधी स्वतःला विचारायला हरकत नाही. वाटेत एखादं कासव सापडलं, जखमी दिसलं, तर त्याला घरी नेण्याऐवजी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करणं हा कायद्याचाही रस्ता आहे आणि कासवाच्याही सोयीचा.

आता समजा, चौकशीअंती कासव परदेशी निघालं, कोरड्यातलं निघालं, कागदपत्रं चोख निघाली. तर घर कसं हवं? सर्वसाधारण उत्तर असं असतं, की त्याचं घर त्याच्याच पाठीवर आहे, आपण वेगळं काय देणार? या उत्तराला नगरमध्येच उत्तर आहे. शहरात १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे, आणि तिथला कुठलाही रणगाडा कासवाचा लांबचा चुलत भाऊ शोभेल असा आहे. पण रणगाड्यातला जवान वरची झडप उघडून बाहेर येतो, चहा पितो, परत आत जातो. कासवाला ती सोय नाही. त्याचं कवच म्हणजे अंगावर चढवलेलं चिलखत नव्हे, त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा पसरून, एकमेकांत जुळून तयार झालेलं हाडच आहे. त्याला स्पर्श कळतो, जखम दुखते. म्हणून कवचाला ऑइलपेंट लावणं, त्यावर टिकल्या चिकटवणं किंवा कडेला भोक पाडून दोरी ओवणं म्हणजे आपल्या बरगडीला ड्रिल लावून किल्ल्यांचा जुडगा अडकवण्यासारखं आहे. शनिशिंगणापूरच्या जुन्या घरांना चौकट असते, दार नसतं, आणि २०११ साली तिथे एका बँकेनं कुलपाविना शाखासुद्धा उघडली. कासवाचं घर याच्या अगदी उलट आहे: सगळंच दार, आणि मालकाला त्यातून बाहेर पडायची मुभा नाही. असं घर घेऊन जन्माला आलेल्याला आणखी एका पेटीत कोंडणं, याला गृहव्यवस्था म्हणत नाहीत.

त्याला खरं लागतं ते ऊन, सावली आणि माती, आणि या तिन्ही गोष्टींत नगर जिल्हा कुणाला हार जाणार नाही. पर्जन्यछायेतला हा मुलूख ज्या कारणांनी शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या आणतो, त्याच कारणांनी कोरड्यातल्या कासवाला माहेरासारखा वाटेल. फक्त ऊन थेट हवं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन माणसाला कोवळं आणि प्रसन्न वाटतं, पण कासवाला ज्या अतिनील किरणांपासून ड जीवनसत्त्व बनवायचं असतं ते काच अडवून ठेवते. ते जीवनसत्त्व नाही, तर खाल्लेला चुना हाडांत जात नाही. हाडं मऊ पडतात, पाठ वेडीवाकडी होते. काचेच्या पेटीची दुसरी अडचण म्हणजे कासवाला काच समजत नाही. जे आरपार दिसतं तिथून आरपार जाता येतं, अशी त्याची भाबडी श्रद्धा असते, आणि ते दिवसभर एकाच कोपऱ्याला धडका देत राहतं. म्हणून कुंपण हवं ते आरपार न दिसणाऱ्या भिंतीचं, वीतभर जमिनीत गाडलेलं, कारण पुष्कळ कासवं उकरण्यात पटाईत असतात. बाराही तास सावलीचा एक कोपरा हवाच; चाळीस अंशांच्या मे महिन्यात उघड्या अंगणात उताणं पडलेलं कासव तासाभरात शिजतं. आणि डिसेंबर-जानेवारीत, नगरचा पारा दहाच्या आसपास किंवा खाली उतरतो तेव्हा त्याला ऊब हवी, कारण त्याच्या अंगात स्वतःची शेगडी नाही. थंडीत त्याचं पचन थंडावतं आणि खाल्लेलं पोटात कुजतं. पाण्याची तऱ्हा तर या जिल्ह्याला लगेच समजेल अशी आहे. कोरड्या प्रदेशातली कित्येक कासवं पाऊस पडला की भरपूर पिऊन घेतात आणि मूत्राशयात साठवून ठेवतात. हे त्यांचं शेततळं, अनुदानाशिवाय बांधलेलं. अशा कासवाला घाबरवून उचललं, की भीतीनं ते तळं फुटतं आणि महिन्यांची शिल्लक आपल्या लेंग्यावर येते. पाहुण्यांना कौतुकानं उचलून दाखवण्याआधी हे दोघांनीही लक्षात घ्यावं.

आहाराच्या बाबतीत तर जिल्ह्याची श्रीमंती बांधाबांधावर उभी आहे आणि आपण भाजी मंडईतून काकडी आणतो. कोरड्यातल्या बहुतेक कासवांचं पोट म्हशीच्या जातकुळीचं असतं: चिवट, धाग्याचा, बेचव वाटणारा पाला आणि गवत सावकाश आंबवून पचवणारं. त्याला हरळी द्यावी, डोंगरावरचं मारवेल द्यावं, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, पावसाळ्यात उगवणारी पाथरी द्यावी. काटे खरवडून फड्या निवडुंगाचं पान दिलं, तर ते आपण पुरणपोळीवर करतो तसा हल्ला करतं. इथल्या गावांत ‘घास’ म्हटलं की घशात जाणारा घास आठवत नाही, गोठ्यासाठी कापलेली लसूणघास आठवते. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं तर तिचं सुधारित वाणही दिलं आहे. ती कासवालाही चालते, पण चटणीसारखी, ताटभर नव्हे, कारण तिच्यात प्रथिनं जास्त, आणि हा कुणी दूध काढायचा जीव नाही. उलट साखरेच्या बाबतीत जिल्ह्याला मन घट्ट करावं लागेल. सहकारी साखर कारखानदारी जिथे प्रवरेकाठी १९५० च्या सुमारास सुरू झाली, तिथे पाहुण्याला गोड न देणं म्हणजे अपमानच; पण आंबा, केळं, द्राक्षं या गोडव्यानं कासवाच्या आतड्यातले पचन करणारे सूक्ष्मजीव बिघडतात. दूध-पोळी, भात, कुत्र्याचं खाद्य यांनी तर मूत्रपिंडाचा बोजवारा उडतो. मोफत मिळणाऱ्या हिरवळीतही पारख हवी. गाजरगवत, घाणेरी, रुई आणि कण्हेर ही चारही विषारी आहेत, आणि दुर्दैवानं वर्षाचे बाराही महिने टवटवीत राहणारी नेमकी तीच आहेत. कवचासाठी लागणारा चुना मात्र काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस या नावानं मिळतो. ते एका समुद्री जिवाचं आतलं कवच असतं, कासव ते आनंदानं कुरतडतं. समुद्र घुसळला तेव्हा अमृत देवांना गेलं, लक्ष्मी विष्णूला, हत्ती इंद्राला. कासवाच्या वाट्याला फेस यायला एवढी युगं लागली.

इथवर वाचून कुणी म्हणेल, आम्ही कासव आवडीसाठी आणतच नाही, ते लक्ष्मीसाठी आणतो. हा आक्षेप गंभीर आहे, कारण बाजारातली बहुतेक कासवं याच रस्त्यानं घरात शिरतात. आता स्फटिकाचं कासव मिळतं, पितळेचं मिळतं, बोटात घालायची कासवाची अंगठीही मिळते. बशीत पाणी घालून त्यात उत्तरेकडे तोंड करून ठेवायचं धातूचं कासव तर दुकानांच्या गल्ल्यांवर हमखास दिसतं. प्रश्न साधा आहे. धातूच्या कासवाला लक्ष्मी आणता येत असेल, तर जिवंत कासवाची गरज उरत नाही. आणि धातूच्या कासवाला येत नसेल, तर जिवंताला येते यावर विश्वास ठेवायला काही कारण सापडत नाही. उत्तरेकडे तोंड करण्याच्या बाबतीत तर जिवंत कासव अजिबात भरवशाचं नाही, ते पाल्याकडे तोंड करतं. याहून पुढची पायरी म्हणजे ‘वीस नखांचं कासव’. पैशांचा पाऊस पाडण्याच्या नावाखाली याचे सौदे लाखांत होतात. इथे अंधश्रद्धेपेक्षा अंकगणिताचा अभ्यास उपयोगी पडेल. मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला तीन नखं दिसतात, म्हणजे बारा. तारा कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा. विसाला दोन कमी पडतात ती गिऱ्हाइकाच्या बोटांवरून भरून काढत असावेत. असल्या प्रकारांसाठी २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदाही आहे, म्हणजे पैशांचा पाऊस पडो न पडो, कलमांचा पाऊस नक्की.

दुसरा आक्षेप अधिक समंजस आहे. देशी कासव नको, कायद्याच्या देशी यादीत नसलेलं परदेशी आणू; मग काय हरकत? दुकानात रुपयाएवढं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं जे पिल्लू दिसतं ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. ते नाण्याएवढं राहत नाही, ताटाएवढं होतं. तीस-चाळीस वर्षं जगतं, टाकीचं पाणी रोज घाण करतं, आणि हाताळल्यावर साबणानं हात न धुतले तर साल्मोनेलाचा प्रसाद देतं. लहान मुलं आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेनं १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवरच बंदी घातली. इथे ते वाढलं, की मंडळी त्याला ‘मुक्त’ करतात, म्हणजे देवळाच्या तळ्यात किंवा धरणात सोडतात. तिथे ते देशी कासवांच्या जागेवर आणि जेवणावर हक्क सांगतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींत त्याचं नाव उगाच नाही. कोरड्यातलं परदेशी कासव घेतलं, समजा आफ्रिकेचं, तर प्रकरण आणखी भारी. तळहातावर मावणारं ते पिल्लू मोठेपणी चाळीस-पन्नास किलोंचं होतं आणि माणूस वाकून उतरेल एवढी बिळं खणतं. बंगल्याच्या पायाखाली. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची सरकारी पोर्टलवर नोंदणीही करावी लागते. म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाचे कागद अपुरे असले, तरी कासवाचे पुरे हवेत.

आणि आयुष्याचं काय? कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातलं अद्वैत नावाचं कासव २००६ साली गेलं, तेव्हा ते अडीचशे वर्षांचं असल्याचं सांगत आणि ते एकेकाळी रॉबर्ट क्लाइव्हकडे होतं, अशी त्याची ख्याती होती. ती ख्याती खरी मानली, तर चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या संपूर्ण कारकिर्दीच्या वेळी ते पाला खात होतं, आणि मोबाईल हातोहात आले तेव्हाही. घरी आणलेलं कासव एवढं जगणार नाही हे खरं, पण मालकापेक्षा जास्त जगण्याची शक्यता पुष्कळ. मग वारसाचा प्रश्न येतो. भावांच्या वाटणीत विहीर, मोटार, म्हैस यांच्यावरून डोकी फुटतात. पण कासव कुणाच्या वाट्याला, असं विचारलं की प्रत्येक भाऊ थोरल्याकडे बोट दाखवेल आणि थोरला पंढरपूरला निघून जाईल. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत अजून तरी कासवाचा रकाना नाही. म्हणून कासव आणणाऱ्यानं आहाराचा तक्ता करण्याआधी मृत्युपत्र करावं, हा सल्ला विनोदी वाटला तरी विनोद नाही.

तिसरा आक्षेप घरातली वडीलधारी मंडळी घेतात: ‘आमच्या आजोबांनी विहिरीत कासव सोडलं होतं, पाणी स्वच्छ राहायचं, काय बिघडलं?’ गावोगावच्या विहिरींत मऊ पाठीचं कासव असायचं हे खरंच आहे. ते बेडूक, गोगलगायी, मेलेले किडे खायचं, उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखलात स्वतःला गाडून घ्यायचं आणि पावसात परत वर यायचं. पण त्या विहिरीचा तळ मातीचा होता, कपारी होत्या, कठड्याखाली गवत होतं. आजची विहीर सिमेंटच्या कड्यांची, मार्चमध्ये कोरडी आणि खाली बोअर. तिथे कासव पाणी स्वच्छ करणार नाही, पाण्याची वाट पाहील. शिवाय आजोबांनी त्याला काम दिलं होतं, नाव ठेवलं नव्हतं. त्याचा फोटो काढायला त्याला उलटं केलं नव्हतं. मुलांना प्राणिप्रेम शिकवायला कासव आणतो, असं म्हणणाऱ्यांनाही उत्तर याच्या आसपास आहे. कासवाकडून मूल शिकतं ते हेच, की जो तक्रार करत नाही त्याला काही द्यावं लागत नाही. हा धडा मुलं आयुष्यात इतरत्रही वापरतील, आणि म्हातारपणी आपण गप्प बसू लागलो, की आपल्यावरही.

तर मग करायचं काय? ज्यांच्याकडे परदेशी कासव आधीच आलेलं आहे, त्यांनी वरच्या परिच्छेदांतलं ऊन, भिंत, पाला मनापासून अमलात आणावं. आणि ते तळ्यात सोडण्याचं पुण्य चुकूनही जोडू नये. ज्यांच्याकडे अजून आलेलं नाही, त्यांच्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं उदाहरण पुरेसं आहे. तिथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकारानं गावकरी समुद्री कासवांची अंडी कुत्र्याकोल्ह्यांपासून वाचवतात. किनाऱ्यावर कुंपण घालून, वाळूत तेवढाच खोल खड्डा करून त्यांना घर देतात, आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर आली की टोपली उलटी करून बाजूला होतात. पिल्लं समुद्राकडे चालत जातात आणि दोन्ही बाजूंना माणसं श्वास धरून बघत उभी असतात. कुणी हात लावत नाही, कुणी काकडी पुढे करत नाही. कासवासाठी महाराष्ट्रानं आजवर बांधलेलं हे सगळ्यांत नीट घर, आणि त्याचं वैशिष्ट्य असं, की त्यातून बाहेर पडता येतं.

आणि इथेच नेवाशाच्या काठची ती जुनी उपमा परत आठवते. कासवी पिलांना नजरेनं वाढवते, हे कासवीच्या बाबतीत खोटं होतं, कारण ती केव्हाच निघून गेलेली असते. पण तिनं सोडलेली ती जागा रिकामीच आहे. लांब उभं राहून पाहायचं, हात मागे बांधायचे आणि तेवढ्यावर त्याला वाढू द्यायचं, हे काम कुणीतरी करायला हवं, आणि त्यासाठी ना काचेची पेटी लागते ना नोंदणी. मोहिनीराजाच्या दर्शनाला गेल्यावर आधी फरशीवरच्या दगडी कासवापाशी थांबावं आणि त्याच्या पाठीची चौकशी करावी. ते उत्तर देणार नाही. पण या वेळी त्या गप्प बसण्याला समाधान समजू नये.